कृत्य चूक, पण दोष किती?

‘आत्महत्या’ या शब्दातच ‘हत्या’ बसलेली आहे. त्यामुळे बातमी सांगता सांगताच निकालही सांगून होतो. ख्रिस्ती वस्तीत तर संध्याकाळच्या आत कुजबुज सुरू होते. फादर मिस्सा करतील का, पाळकसाहेब घरी येतील का, दफनभूमीत जागा मिळेल का. आणि जो मोठ्याने कुणीच विचारत नाही तो प्रश्न, त्याच्या आत्म्याचे आता काय? घरच्यांना हे सगळे ऐकू येते. आधीच फाटलेल्या काळजावर ही दुसरी जखम असते, आणि ती माणसांनी केलेली असते. हा लेख त्या घरासाठी आहे, त्या घराच्या शेजारच्या बाकावर बसून उपासना करणाऱ्या तुमच्यासाठी आहे, आणि ज्याच्या मनात असे विचार आज येत आहेत त्याच्यासाठीही आहे. त्यात सांगायचे आहे ते एवढेच: स्वतःचा जीव घेणे चूक आहे, ही ख्रिस्ती शिकवण पक्की आहे. पण एखादे कृत्य चूक असणे आणि ते करणाऱ्याच्या माथी पूर्ण दोष असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हा भेद आजच्या मानसशास्त्राने चर्चच्या गळ्यात मारलेला नाही. तो चर्चच्या स्वतःच्या शिकवणीत सुरुवातीपासून आहे. तो नीट समजला तर निवाडा करण्याची घाई थांबते आणि सोबत करण्याची घाई सुरू होते.

प्रथम पवित्र शास्त्र पाहू. अबीमलेख, शौल व त्याचा शस्त्रवाहक, अहीथोफेल, जिम्री, यहूदा इस्कर्योत यांनी आपल्या जीवनाचा शेवट स्वतः केल्याचे किंवा करवून घेतल्याचे शास्त्रात येते; शमशोनाचे नावही या यादीत काही जण घेतात. यहूदाविषयी शास्त्र कठोर बोलते, पण ते त्याच्या विश्वासघाताविषयी. स्वतःचा जीव घेणाऱ्याला तारण नाहीच, असा नियम सांगणारे एकही वचन जुन्या वा नव्या करारात नाही. अहीथोफेलाला त्याच्या वडिलांच्या कबरेत पुरले, एवढे सांगून लेखक पुढे जातो. शमशोनाचे नाव तर इब्री लोकांस पत्राच्या अकराव्या अध्यायात विश्वासवीरांमध्ये आहे. शौलाची कथा थोडी थांबून वाचावी. पछाडलेल्या मनाने अनेक वर्षे काढलेला हा राजा गिलबोवा डोंगरावर हरला आणि त्याने स्वतःचा अंत केला. शत्रूने त्याचे प्रेत बेथ-शानच्या तटावर टांगले. तेव्हा याबेश-गिलादचे लोक रात्रभर चालत गेले, त्यांनी ते प्रेत खाली उतरवले, अस्थी एका झाडाखाली पुरल्या आणि सात दिवस उपास केला. याच शौलाने पूर्वी त्यांचे गाव वाचवले होते. त्यांनी त्याचा शेवटचा दिवस लक्षात ठेवला नाही, त्याचे उपकार लक्षात ठेवले. ज्याच्या जिवावर शौल उठला होता त्या दावीदाने शोकगीत रचले आणि याबेशच्या लोकांना निरोप पाठवून आशीर्वाद दिला. अशा मरणानंतर शेजाऱ्यांनी कसे वागावे, याचा याहून स्पष्ट नमुना शास्त्रात मिळणार नाही.

मग ‘असा माणूस नरकातच जातो’ हे इतके पक्के कुठून आले? चर्चच्या विचारात या विषयाला ठाम आकार दिला तो हिप्पोचा बिशप संत ऑगस्टिन याने. 410 साली गॉथ टोळ्यांनी रोम लुटले, अनेक ख्रिस्ती स्त्रियांवर अत्याचार झाले आणि काहींनी अब्रूसाठी प्राण दिले. अशा स्त्रियांचे कौतुक होऊ लागले, आणि ज्या जगल्या त्यांच्याकडे बोटे वळू लागली. ‘देवाचे नगर’ या ग्रंथाच्या पहिल्याच भागात ऑगस्टिनने या जगलेल्या स्त्रियांची बाजू घेतली. खून करू नको या आज्ञेत ‘शेजाऱ्याचा’ असा शब्द नाही, म्हणून ती स्वतःलाही लागू आहे, असे त्याने मांडले. पण त्याच ओघात त्याने दुसरे एक तत्त्व सांगितले, ते आपण विसरलो. पाप इच्छेत असते. ज्या गोष्टीला मनाने संमती दिलेली नाही, ती शरीरावर लादली गेली तरी त्या व्यक्तीला पापी करत नाही, म्हणून अत्याचार झालेल्या स्त्रीचे पावित्र्य तसूभरही कमी होत नाही. ज्याने हा दरवाजा बंद केला असे आपण समजतो, त्यानेच किल्लीही ठेवून दिली आहे: संमती नाही, तर तेवढा दोष नाही. पुढे सहाव्या शतकात ब्रागाच्या धर्मपरिषदेने अशा मृतांसाठी स्तोत्रगान व अर्पण बंद केले. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसने तीन कारणे दिली: हे कृत्य स्वतःवरील स्वाभाविक प्रेमाच्या, समाजाच्या आणि जीवन देणाऱ्या देवाच्या विरुद्ध आहे. ही कारणे कृत्याला लागू पडतात. एका विशिष्ट माणसाने ते किती मोकळ्या मनाने केले, हा प्रश्न त्यानंतरही उरतोच.

तो प्रश्न चर्चने चौथ्या शतकातच विचारलेला आहे. अलेक्झांड्रियाचा बिशप तीमथ्य याच्याकडे विचारणा झाली की, भान हरपलेल्या माणसाने स्वतःचा जीव घेतला तर त्याच्यासाठी अर्पण करावे का. तो खरोखर भानावर नव्हता का, याची धर्मगुरूने नीट चौकशी करावी, कारण नातेवाईक कधी कधी खोटेही सांगतात, असे त्याचे उत्तर होते. भान नसेल तर अर्पणाला मनाई नाही. पूर्वेकडच्या चर्चच्या नियमांत हे उत्तर कायम झाले. पश्चिमेत मात्र कायद्याची कडक बाजू पुढे आली. इंग्लंडमध्ये अशा मृतांना चौरस्त्यावर पुरण्याची रीत 1823 पर्यंत होती, आणि तिथल्या 1662 च्या प्रार्थनापुस्तकातली सूचना अशांसाठी दफनविधी वापरू नये असे सांगत होती. तिथल्या चर्चच्या सर्वसाधारण सभेने हा अडसर काढण्याच्या बाजूने मत दिले ते 2015 साली. त्याच परंपरेतल्या आपल्याकडच्या अँग्लिकन मंडळ्या 1970 साली नागपुरात स्थापन झालेल्या उत्तर भारत मंडळीत विलीन झाल्या, पण ती जुनी धास्ती अजून अनेक घरांत आहे. कॅथलिक चर्चच्या 1917 च्या नियमसंहितेत जाणूनबुजून स्वतःचा जीव घेणाऱ्याला चर्चचे दफन नाकारले होते. 1983 च्या संहितेतून तो उल्लेख गेला. 1992 च्या धर्मशिक्षणग्रंथाने तर दोन्ही बाजू शेजारी ठेवल्या: हे कृत्य गंभीर चूक आहे, आणि गंभीर मानसिक अस्वास्थ्य, यातना किंवा मोठी भीती यांमुळे करणाऱ्याची जबाबदारी कमी होऊ शकते; म्हणून अशांच्या तारणाविषयी निराश होऊ नये, चर्च त्यांच्यासाठी प्रार्थना करते. तेव्हा कॅथलिक घरात ‘मिस्सा होईल का’ ही धास्ती बाळगण्याचे कारण नाही. ‘होईल’ असे धर्मगुरूने आपणहून, पहिल्याच भेटीत सांगावे.

हा भेद ज्या कसोटीवर उभा आहे ती लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात सर्वांनी पाठ केलेली असते. माणसाला कृपेपासून तोडणारे पाप घडायला तीन गोष्टी लागतात: बाब गंभीर हवी, तिची पूर्ण जाणीव हवी आणि मनाची मोकळी संमती हवी. तीव्र नैराश्य, स्किझोफ्रेनिया, मूड टोकाला नेणारा द्विध्रुवी विकार हे आजार नेमक्या दुसऱ्या आणि तिसऱ्या गोष्टीवर घाला घालतात. झोप जाते, विचार एकाच खाचेत फिरत राहतात, आपण घरच्यांवर ओझे आहोत ही खात्री होते आणि दुसरा मार्ग दिसेनासा होतो. हा आजार श्रद्धावानाच्या श्रद्धेचीच भाषा बोलू लागतो. अठराव्या शतकातला इंग्रज कवी विल्यम कूपर याचे चरित्र या बाबतीत डोळे उघडणारे आहे. 1763 मध्ये नोकरीसाठीच्या चौकशीच्या धसक्याने तो कोसळला आणि स्वतःच्याच जिवावर उठला. सेंट ऑल्बन्सच्या डॉ. कॉटन यांच्याकडे उपचार घेताना त्याला जिवंत विश्वासाचा अनुभव आला. पुढे पाळक जॉन न्यूटनबरोबर त्याने ओल्नी गावी जी भक्तिगीते रचली, ती 1779 साली प्रसिद्ध झाली आणि जगभरच्या मंडळ्या आजही त्यांतली काही गातात. पण 1773 मध्ये आजार उलटला. देवाने आपल्याला टाकून दिले आहे अशी त्याची खात्री झाली आणि 1800 साली नैसर्गिक मरण येईपर्यंत ती पुरती गेली नाही. दुसऱ्यांना धीर देणारी गीते लिहिणाऱ्याला स्वतःला तो धीर घेता येईना. याला अविश्वास म्हणणे म्हणजे ताप आलेल्याला ‘अंग तापवू नकोस’ म्हणण्यासारखे आहे. न्यूटनने काय केले? त्याने कूपरला वर्षाहून अधिक काळ आपल्या घरी ठेवून घेतले.

आता पहिला आक्षेप, आणि तो सर्वांत जुना: शेवटचे कृत्यच पाप असेल तर पश्चात्तापाला वेळ कुठे उरला? अक्वायनसनेही ही भीती बोलून दाखवली आहे. पण या तर्काने चाललो तर झोपेत हृदय बंद पडलेला, घाटात गाडी उलटून गेलेला, मनात राग धरून भांडणाच्या भरात कोसळलेला, यांपैकी कुणाचेच तारण होणार नाही. कारण पापांचा शेवटचा हिशोब चुकता करून कुणीही मरत नाही. ख्रिस्ती तारण शेवटच्या क्षणाच्या हजेरीवर ठरत नाही, ते ख्रिस्ताच्या कृपेवर ठरते. मरण किंवा जीवन, काहीच आपल्याला त्या प्रेमापासून वेगळे करू शकत नाही, असे पौल रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात सांगतो, तेव्हा तो मरणाच्या प्रकारांची यादी करून एखादा वगळत नाही. मार्टिन लूथरने 1532 च्या सुमारास आपल्या जेवणाच्या टेबलावरच्या बोलण्यात असे मृत हमखास दंडास जातात हे मानायला नकार दिला. रानात दरोडेखोराने गाठलेल्या वाटसरूची उपमा त्याने त्यांना दिली. क्षमा न होणारे पाप म्हणून शुभवर्तमानात जे सांगितले आहे ते पवित्र आत्म्याची निंदा हे आहे. तिथे आत्महत्येचे नाव नाही. आपण ते तिथे लिहू नये.

दुसरा आक्षेप व्यवहारी आहे. नरकाची भीती हाच बांध आहे, तो फोडला तर लोक वाहून जातील, असे अनेक पाळक प्रामाणिकपणे मानतात. या म्हणण्यात तथ्याचा अंश आहे. जीवन देवाचे आहे ही शिकवण अनेकांना कठीण रात्री धरून ठेवते, आणि ती सैल करा असे इथे कुणी म्हणत नाही. अमेरिकेतल्या परिचारिकांच्या दीर्घ अभ्यासावर आधारलेल्या 2016 सालच्या एका शोधनिबंधात, आठवड्याला किमान एकदा उपासनेला जाणाऱ्या स्त्रियांत आत्महत्येचे प्रमाण कधीच न जाणाऱ्यांच्या सुमारे एकपंचमांश आढळले. पण मोजले होते ते उपासनेला जाणे. त्यात शिकवण आली, तसे ओळखीचे चेहरे, चौकशी करणारे शेजारी आणि आठवड्याची एक ठरलेली वाटही आली. नुसती भीती दुधारी असते. ती काहींना थांबवते, आणि अनेकांचे तोंड बंद करते. ‘असे विचार येणे हेच पाप’ असे ज्याला शिकवले आहे तो कुणाला सांगणार? आणि ज्याची कूपरसारखी आधीच खात्री झाली आहे की आपण दंडित आहोत, त्याच्यावर दंडाच्या धमकीचा उपयोग काय? बांध घालायचाच तर तो बोलण्याच्या वाटेवर नको.

तिसरा आक्षेप उलट बाजूचा: सगळेच आजाराच्या नावावर खपवले तर पाप उरलेच कुठे? याचे उत्तर असे की जबाबदारी विजेच्या बटणासारखी चालू किंवा बंद नसते, ती कमीजास्त असते. आजारी माणूसही दुसऱ्याशी क्रूर वागला तर त्यातला आपला वाटा तो बरा झाल्यावर ओळखू शकतो, क्षमा मागू शकतो. उपचार घेणे हाही त्याच्या जबाबदारीचा भाग आहे. दुसरीकडे, प्रत्येक आत्महत्या मनोविकारातून होते असेही नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांनुसार 2022 साली देशात 1,70,924 जणांनी जीव दिला, त्यांपैकी 22,746 महाराष्ट्रातले, म्हणजे सर्व राज्यांत सर्वाधिक. कारणांच्या रकान्यात कौटुंबिक कलह सर्वांत वर आणि त्याखाली आजारपण आहे; कर्ज, बेकारी, परीक्षा याही नोंदी आहेत. पण गळ्यापर्यंत आलेल्या यातनेतही मनाची मोकळीक आक्रसतेच, म्हणूनच कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथ आजाराबरोबर यातना आणि भीतीही सांगतो. आणि इथे दोषाचा एक वाटा जिवंतांच्या बाजूला सरकतो. सुनेला छळणारे घर, मुलाला गुणांवर तोलणारा बाप, कर्जदाराला चारचौघांत उतरवणारा सावकार हेही याच मंडळीत बसतात. मृताच्या पापावर प्रवचन देण्याआधी या पापांवर बोलणे न्यायाचे होईल.

आणखी दोन गैरसमज थोडक्यात निपटू. औषध घेणे म्हणजे विश्वास कमी, हा एक. लूक वैद्य होता आणि पौलाने तीमथ्याला पोटाच्या दुखण्यावर व्यवहारी उपाय सांगितला; गोळी आणि प्रार्थना यांचे वैर शास्त्राला माहीत नाही. दुसरा गैरसमज ‘भूत लागले आहे’ हा. दुष्टात्म्याच्या बाधेचा विचार करण्याआधी आजार नाही याची खात्री करावी आणि मनाच्या आजाराची काळजी वैद्यकाकडे सोपवावी, असे कॅथलिक शिकवण स्वतःच सांगते. प्रार्थनाशिबिरात गेल्यावर डॉक्टरांना न विचारता गोळ्या बंद करणे जिवावर बेतू शकते. देशाचा कायदाही शिक्षेकडून उपचाराकडे, याच वाटेने आला आहे. इंग्रजांनी आपली जुनी समजूत 1860 च्या दंडसंहितेत कलम 309 म्हणून आणली आणि प्रयत्नातून वाचलेल्याला शिक्षेस पात्र ठरवले. 1986 साली मुंबई उच्च न्यायालयासमोर अपघातात डोक्याला मार बसून मनोविकार जडलेल्या एका पोलीस शिपायाचा खटला आला, तेव्हा न्यायालयाने हे कलमच घटनाबाह्य ठरवले. सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये ते पुन्हा वैध ठरवले. शेवटी 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने असा माणूस तीव्र ताणाखाली होता असे गृहीत धरून त्याला शिक्षेपासून वाचवले आणि त्याच्या उपचाराची जबाबदारी सरकारवर टाकली. सरसकट गुन्हा ठरवणारे ते कलम 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत नाही. प्रयत्नातून वाचलेल्याला कायदा आरोपी मानत नसेल, तर मंडळीने तरी का मानावे?

मग करायचे काय? ‘जगावेसे वाटत नाही’, ‘माझ्याशिवाय तुमचे बरे चालेल’ असे कुणी बोलले तर ते हसण्यावारी नेऊ नका आणि लगेच वचनेही सुनावू नका. शांतपणे, सरळ विचारा: जिवाचे बरेवाईट करून घ्यायचा विचार मनात येतो का? विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट बोलायला वाट मिळते, असा या क्षेत्रातल्या लोकांचा अनुभव आहे. उत्तर ‘हो’ आले तर त्याला एकटे सोडू नका, जिवाला धोका होईल अशा वस्तू घरातून हलवा, आणि त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञाकडे किंवा जिल्हा रुग्णालयात सोबत जा. ‘कुणाला सांगणार नाही’ असे वचन देऊ नका. पापनिवेदनाची गुप्तता धर्मगुरूवर पूर्ण बंधनकारक आहे, म्हणून तिथे हे कळले तर त्याने त्या व्यक्तीला तिथल्या तिथे विनवावे की, बाहेर येऊन हेच पुन्हा बोलू आणि मदत घेऊ. एलीयाने वाळवंटात झुडपाखाली बसून मरण मागितले तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. भाकर दिली, पाणी दिले, झोपू दिले, पुन्हा उठवून खायला दिले. देवाचे बोलणे त्यानंतर, होरेब डोंगरावर आले. हाच क्रम धरा: जेवण, झोप, उपचार, सोबत, मग शिकवण. आणि हे वाचणाऱ्या तुमच्याच मनात ते विचार असतील, तर मोशे, ईयोब, योना यांनीही मरण मागितले होते हे आठवा. विचार येणे हा अपराध नाही. तो आज एका माणसाला सांगा.

आणि मृत्यू झालाच असेल तर? घंटा जशी इतरांसाठी वाजते तशीच वाजवा, स्तोत्रे तीच गा, कबर रांगेतच द्या. प्रवचनात मृत्यूचा प्रकार, चिठ्ठी, कारणांचे तर्क यांना जागा नको. ‘सुटला बिचारा’ हेही म्हणू नका. समोर बसलेल्या दुसऱ्या एखाद्या खचलेल्याला त्यातून वाट दिसू शकते. ‘तो आजारी होता, आम्ही त्याला गमावले, तो देवाच्या हाती आहे’ एवढे पुरे, आणि आजार नसेल तर ‘फार यातनेत होता’ म्हणा. ‘तुम्हाला कळले कसे नाही?’ हा प्रश्न घरच्यांना विचारू नका. ते स्वतःला तो रोज विचारत असतात. जन्मांधाविषयी शिष्यांनी पाप कुणाचे, याचे की आईबापांचे, असे विचारले तेव्हा प्रभूने तो प्रश्नच बाजूला सारला. मुलांना त्यांच्या वयाला झेपेल एवढे खरे सांगा. खोटे सांगितले तर ते शाळेत कळते. पहिल्या आठवड्यात घर भरलेले असते. महिन्याच्या मिस्सेनंतर, पहिल्या नाताळात, वाढदिवसाच्या दिवशी ते रिकामे असते, तेव्हा जा.

फिलिप्पैच्या तुरुंगाधिकाऱ्याने भूकंपानंतर उघडे दरवाजे पाहिले, कैदी पळाले असे समजून तो स्वतःचा जीव घ्यायला निघाला. अंधारातून पौलाने ओरडून त्याला थांबवले: स्वतःला इजा करू नकोस, आम्ही सगळे इथेच आहोत, अशा अर्थाचे ते शब्द होते. आत्महत्येच्या पापावर त्याने त्या क्षणी व्याख्यान दिले नाही. त्या माणसाची चुकीची समजूत दूर केली आणि आपण जवळ आहोत एवढे कळवले. तो माणूस वाचला, आणि त्याच रात्री त्याच्या घरी जेवण झाले. मंडळीला यातून घ्यायचे ते काम छोटे आहे. भारत सरकारची ‘टेलि-मानस’ सेवा 2022 पासून चालू आहे. 14416 हा तिचा क्रमांक, रात्रंदिवस, विनामूल्य, मराठीतही बोलता येते. येत्या रविवारी तो उपासनेच्या वेळापत्रकाशेजारी फलकावर लावा, आणि खाली मंडळीतल्या अशा दोन माणसांची नावे लिहा ज्यांना मध्यरात्रीही उठवता येईल.